दारात उभी राहते का, एवढं बघून ये

गुरुवारी दुपारी पाटणच्या एसटी स्टँडवर आई माझी वाट बघत बसली होती. माझी नव्हे, माझ्या मैत्रिणीची आई. पण वीस वर्षं मी तिला आईच म्हणते. मोरणा खोऱ्यातल्या गावातून वडापच्या जीपनं खाली आलेली, उन्हानं तोंड लाल झालेलं आणि मांडीवर जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. आत घरचा तांदूळ, नाचणीचं पीठ, कुळीथ आणि सगळ्यात वर पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं.

"करवंदं वरच राहू दे. खाली घातलीस तर फुटत्याल, समदं चिकट हुईल."

मी मान हलवली. मग गाठोडं माझ्या हातात देताना तिनं ते क्षणभर सोडलंच नाही.

"तुला एक काम सांगती. ती गाडीत दारात हुबी ऱ्हाती का, एवढं बघून ये. फोनवर इचारलं की न्हाई म्हणती. तू डोळ्यानं बघ."

मुंबईला चालले होते ती दोन दिवस मैत्रिणींना भेटायला. पण कराडच्या परतीच्या गाडीत बसल्यावर मला कळलं, की मी आता त्या कामासाठीच चालले आहे.

आम्ही तिघी एकाच नावाच्या. साताऱ्याला डी.एड.च्या होस्टेलात एकाच खोलीत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गोंधळ व्हायला लागला. बाईंनी हाक मारली की तिघी उठायच्या. म्हणून गावाच्या नावानं हाका सुरू झाल्या: कराड, पाटण आणि वरळी. वरळीला मुंबईत नंबर लागला नव्हता म्हणून ती मामाच्या जिल्ह्यात आली होती. ते 2004 साल. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, वरळी एका दवाखान्यात बिलिंगच्या काउंटरवर बसते आणि पाटण लग्न होऊन डोंबिवलीला गेली, परळला एका ऑफिसात नोकरी करते. पंधरा वर्षं ती डोंबिवलीत राहते, पण आमच्यासाठी ती पाटणच. तिच्या नवऱ्यानंसुद्धा आता ते मान्य केलंय.

आई दाराचं का विचारते, ते सांगायला हवं.

गेल्या वर्षी 9 जूनला सकाळी टीव्हीवर बातमी आली, की मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. काहींचा जीव गेला. शाळा सुरू व्हायची होती, मी घरीच होते. पहिला फोन पाटणला लावला. लागला नाही. परत लावला. तेवढ्यात आईचा फोन आला. तिनं शेजारच्या घरात टीव्ही बघितला होता. आवाजच फुटत नव्हता तिचा. आणि मी सांगून टाकलं, "आई, आत्ताच बोलले मी तिच्याशी. बरी आहे. ऑफिसात पोचली."

मी बोलले नव्हते. मला काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर पाटणचा फोन यायला जी पंचवीस मिनिटं लागली, ती मी उंबऱ्यावर बसून काढली. ती आधीच्या गाडीनं गेली होती, फोन ड्रॉवरमध्ये होता. सगळं ठीक होतं. पण मी एका आईला तिच्या लेकीच्या जिवाबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं हा माझा शहाणपणा नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच दिवशी ठरवलं होतं, की पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं. फोनवर भेटणं पुरे झालं.

शुक्रवारी रात्री ओगलेवाडीच्या बाजूला असलेल्या आमच्या स्टेशनवरून महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. गाठोडं उशाला घेतलं नाही, करवंदांपायी पोटाशी घेऊन झोपले. पहाटे घाट उतरल्यावर हवा बदलते ती झोपेतही कळते. आमच्याकडचं ऊन भाजतं, पण सावलीत गेलं की सोडतं. मुंबईचं ऊन सावलीतही अंगाला धरून असतं. दादरला उतरले तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते आणि ब्लाउज पाठीला चिकटला होता.

पुलाखाली वरळी उभी होती. डोक्यावर छत्री, हातात पाण्याची बाटली. तिनं आधी बाटली दिली, मग मिठी मारली.

वरळीच्या घराबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण त्या घराचं माझ्यावर ऋण आहे.

डी.एड. संपल्यावर 2006च्या मे महिन्यात एका मुलाखतीसाठी मी तिच्याकडे तीन दिवस राहिले होते. बीडीडी चाळ, जांबोरी मैदानाजवळ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं 1920च्या दशकात बांधलेल्या म्हणून बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, तळमजल्यावर तीन मजले, एका इमारतीत 80 खोल्या आणि एक खोली 160 चौरस फुटांची. त्या एवढ्याशा खोलीत आजी, काका आणि मावशी म्हणजे वरळीचे आईवडील, वरळी आणि तिचा भाऊ अशी पाच माणसं राहायची. सहावी मी. मी गेले त्या रात्री मावशींनी काही न बोलता सगळी मांडणी बदलली. आजी कॉटवर. कॉटच्या खाली वरळी आणि मी, पाय दाराकडे करून. मावशी ओट्याला लागून. काका दाराच्या आत आणि भाऊ बाहेर पॅसेजमध्ये. मला वाटलं, हा भाऊ रोज पॅसेजमध्येच झोपत असेल. तिसऱ्या दिवशी कळलं, की कॉटखालची जागा त्याची होती आणि तेव्हा त्याची परीक्षा तोंडावर होती.

पाहुणचार म्हणजे काय हे मी तेव्हा शिकले. आमच्याकडे पाहुणा आला की आणखी एक ताट वाढतो. तिथं पाहुणा आला की कुणीतरी आपली पाठ टेकायची जागा देतं.

त्या चाळी आता पाडून तिथं 40 मजली इमारती उभ्या राहतायत. गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यातली एक वरळीची. मधली वर्षं संक्रमण शिबिरात गेली. काकांना हे घर बघायला मिळालं नाही. 1982च्या संपात त्यांची गिरणी सुटली, मग वॉचमनची नोकरी केली आणि चाळ पाडायच्या आधीच गेले. नव्या घराच्या दारावर मात्र नाव त्यांचंच आहे.

घर 500 चौरस फुटांचं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. खिडकीतून जुन्या, अजून उभ्या असलेल्या चाळींची छपरं दिसतात आणि दोन इमारतींच्या फटीतून बोटभर समुद्र. मी मनात धरूनच आले होते की मावशींना चाळीची आठवण येत असेल, पॅसेज, शेजारपाजार, उघडी दारं. मी विचारलंसुद्धा.

मावशी बोंबील साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आठवण येते ना. पण बाळ, पन्नास वर्षं मी संडासच्या रांगेत उभी राहिले. बाळंतपणात राहिले, तापात राहिले. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना उचलून नेलं त्या रांगेतून. आता माझ्या घरात दार लावता येतं. लोक येतात, विचारतात, करमतं का म्हणून. मी म्हणते, मला करमतं."

मी गप्प बसले. चाळीतल्या पॅसेजचं प्रेम मला होतं, तीन दिवसांच्या पाहुणीला. रांग त्यांच्या वाट्याला होती.

एक सवय मात्र त्यांची गेलेली नाही. पहाटे पाणी यायच्या वेळेला त्या अजून उठतात. शनिवारी रात्री मी हॉलमध्ये झोपले होते तेव्हा पहाटे जाग आली, तर अंधारात मावशी नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पाणी भरत नव्हत्या. फक्त धार हातावर घेत होत्या. मग नळ बंद केला आणि परत जाऊन झोपल्या.

बोंबलांचं सांगते, कारण मला ते आमच्याकडे कधीच जमलेले नाहीत. मावशींनी बोंबील मधोमध चिरून पुस्तकासारखे उघडले, मीठ लावून दोन ताटांच्या मध्ये ठेवले आणि वर चक्क वरवंटा ठेवला. तासाभरात खालच्या ताटात पाणीच पाणी. बोंबलात पाणी किती असतं, ते तेव्हा दिसतं. ते निथळल्याशिवाय तव्यावर टाकला तर मोडतो. मग आलं-लसूण, तिखट, कोकमाचं आगळ, आणि तांदळाचं पीठ नि रवा यांत घोळवून तव्यावर. "खाऊन घे," मावशी म्हणाल्या. "1 जूनपासून बोटी बंद. मग दोन महिने सुकटच."

पाटण चार वाजता आली. शनिवारी तिला अर्धा दिवस असतो. दारात चपला काढतानाच तिचं लक्ष कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे गेलं. माझ्याशी बोलायच्या आधी ती तिथं जाऊन खाली बसली. गाठी सोडल्या नाहीत, आधी कापडावरून हात फिरवला.

"हे माझ्या बारशाचं लुगडं," ती म्हणाली. "काठ बघ."

काठ विटलेला होता. मला तो आधी दिसलाही नव्हता.

पळसाची पानं वाळून कडक झाली होती. आतली वरची करवंदं तशीच टपोरी काळी, खालची फुटून पानाला जांभळा डाग पडलेला. आम्ही तिघी मावशींच्या नव्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसलो आणि सगळी करवंदं संपवली. होस्टेलात करायचो तसं प्रत्येक करवंद दातानं फोडून आत बघायचो, लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी. पाटणला सलग पाच कोंबडे लागले. तिच्या बोटांना आणि ओठांना रंग चढला होता, आणि अर्ध्या तासापूर्वी दारात आलेली थकलेली बाई दिसेनाशी झाली होती.

संध्याकाळी वरळी सी फेसला गेलो. वाटेत एका बाईकडे ताडगोळे होते. सोललेले घेऊ नका, तिच्या हातनं समोर सोलून घ्या, हा वरळीचा आग्रह. वरचं पिवळसर साल निघतं, आतला पारदर्शक गोळा तोंडात टाकला की मध्यभागी चमचाभर गार पाणी फुटतं. कराडला हे मिळत नाही आणि मिळालं असतं तरी मी बहुतेक तिथं खाल्लं नसतं. ते मुंबईच्या घामाबरोबरच खायचं फळ आहे. सूर्य सातनंतर बुडाला. सागरी सेतूच्या तारांवर दिवे लागले. नवा किनारी रस्ता झाल्यापासून फिरायला रुंद जागा झालीय आणि शनिवारची गर्दीही तेवढीच. आम्ही कठड्यावर बसलो, फार बोललो नाही.

बोलणं झालं ते रात्री. हॉलमध्ये गाद्या घातल्या. भाऊ आणि वहिनींनी त्यांची खोली देऊ केली होती, आम्हीच नको म्हटलं. पंखा पूर्ण वेगात, तरी चादर नकोशी. वरळी मध्ये, आम्ही दोन बाजूंना.

पाटण तिच्या वडिलांबद्दल बोलायला लागली. ते माथाडी होते. मशीद बंदरला दाणाबंदरात पाठीवर पोती वाहायचे, पुढे बाजार वाशीला गेला तसे तिकडे. माथाडी कायदा 1969चा. तो झाल्यावर आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधी हा शब्द आला, हे मी माझ्या आजोळीही ऐकलंय. मुंबईत ते राहायचे गावाच्या खोलीत. लोअर परळला एका चाळीत गावानं मिळून घेतलेली खोली होती. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या अनेक गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. एका खोलीत पंचवीस-तीस गडी. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी, एवढीच मालमत्ता. रात्रपाळीचा उठून गेला की त्या जागेवर दिवसपाळीचा पडायचा. जेवण खानावळीत. गावात देवळाचा कळस चढवायचा असो की शाळेची खोली बांधायची असो, त्या खोलीतून पैसे जायचे.

"बाबांनी आईला मुंबई कधी दाखवलीच नाही," पाटण म्हणाली. "आई म्हणायची, ने की एकदा. बाबा म्हणायचे, नेतो, पण निजवू कुठं?"

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. वरळीनं अंधारात हात लांब करून तिचा हात धरला असावा, कारण बांगड्या वाजल्या.

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं. रुळांच्या, सिग्नलच्या दुरुस्तीसाठी रविवारी दिवसा काही तास ठरावीक मार्ग बंद ठेवतात. त्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावरून सोडतात आणि सगळंच रेंगाळतं. दादरला फलाटावर पाऊण तास थांबून आम्ही दोघींनी धीमी लोकल धरली. वरळीची रविवारी दुपारची ड्युटी होती, ती पुलावरूनच हात करून गेली.

बायकांच्या डब्यात शिरल्याशिरल्या पाटणनं एका बसलेल्या बाईला विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "घाटकोपर." बस्स. घाटकोपर आलं की ती सीट माझी, हे सगळ्या डब्याला कळलं. तोवर मला चौथी सीट मिळाली. बाक तिघांचा असतो. तिघी थोड्या सरकतात आणि चौथी कडेला टेकते, निम्मी आत, निम्मी बाहेर. कुणी हे ठरवून दिलेलं नाही, पण ते मोडलेलं मी पाहिलं नाही. समोरची बाई मटार सोलत होती. तिच्या शेजारची अनोळखी मुलगी बोलता बोलता ओंजळभर शेंगा उचलून सोलायला लागली.

ठाणं आलं. दरवर्षी मी वर्गात शिकवते, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर. तीन इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. पोरांना ती फार आवडतात, मधल्या सुट्टीत तिघं पुढं होऊन गाडी गाडी खेळतात. त्याच वाटेवरून मी चालले होते. आता त्यांना सांगायला माझ्याकडे आणखी काहीतरी आहे, पण ते चौथीच्या पोरांना कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

खाडी ओलांडली, कळवा गेलं. मुंब्रा येण्याआधी पाटण उठली. "ये," म्हणाली.

रविवार दुपार होती, दाराजवळ उभं राहायला जागा होती. एका बाजूला डोंगर, उन्हानं करपलेला. दाराच्या मधोमध लोखंडी खांब असतो, तो धरून ती उभी राहिली आणि मला तिच्या आत उभं केलं. रूळ वळायला लागले. डबा एका बाजूला कलला, म्हणजे तो कलतो हे मला तेव्हा पायाला कळलं. शेजारून दुसरी गाडी आली. तिचा वारा तोंडावर आदळला, दोन डब्यांमधलं अंतर डोळ्यांसमोर कमी झालं आणि परत वाढलं.

"इथं," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं, आईनं काय काम दिलंय ते. आणि 9 जूनचं माझं खोटंही सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.

"त्या दिवसापासून मी डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरते," ती म्हणाली. "कल्याणहून किंवा त्याच्या मागून येणारी गाडी डोंबिवलीला येते तेव्हाच भरलेली असते, तिच्यात पाय ठेवायला मिळत नाही. डोंबिवली लोकलला आत शिरता येतं. त्यासाठी अर्धा तास लवकर निघते. डबा रात्रीच करून ठेवते."

"आणि ती चुकली तर?"

"चुकते. पोरगी तापली, यांची रात्रपाळी असली, पाणी उशिरा आलं की चुकते. मग मिळेल ती. त्या दिवशी दारात असते." तिनं पर्स पोटाशी ओढून दाखवली, ओढणी कमरेला कशी गाठ मारते ते दाखवलं, आणि मग खांबाभोवती कोपराची घडी घातली. नुसती मूठ नाही, सगळा हात. "असं. घामानं मूठ सुटते, कोपर सुटत नाही."

त्या कोपराच्या आतल्या बाजूला एक निळसर डाग होता. लग्नाआधी तो नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे. एका खोलीत दोन वर्षं राहिलोय आम्ही.

"पुढची गाडी का नाही धरत?"

"पुढचीही तशीच असते गं. आणि तीन लेट मार्क झाले की एक दिवसाचा पगार."

त्या अपघातानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचं रेल्वेनं जाहीर केलं. मी त्याची आठवण केली. ती म्हणाली, दरवाजे येऊ देत, चांगलंच आहे. पण माणसं तेवढीच राहणार, गाड्या वाढायला हव्यात. हे ती रागानं बोलली नाही. मला मात्र राग आला, आणि तो अजून आहे. कोपराची घडी घालून कामावर जावं लागणं ही कौतुक करायची गोष्ट नाही. मुंबईच्या माणसाची हिंमत म्हणून ती सांगितली जाते तेव्हा मला यापुढे तो डाग आठवेल.

डोंबिवलीच्या घरी भाऊजींनी पिठलं-भात करून ठेवला होता. त्यांच्या लेकीनं मला तिच्या सगळ्या वह्या दाखवल्या. दुपार झोपेत गेली, आणि ती झोप पाटणची होती. जेवून ताटं उचलायच्या आधीच ती भिंतीला टेकून झोपली, अडीच तास. मला भेटायचा रविवार तिनं झोपून घालवला असं तिला उठल्यावर वाटलं, ती दहा वेळा तसं म्हणाली. मी तिच्या शेजारीच बसले होते. माझ्यासाठी तीही भेटच होती.

संध्याकाळी तिनं ते लुगड्याचं कापड धुऊन, गॅलरीत वाळवून, पुन्हा गाठोडं बांधलं. रिकामं कसं पाठवायचं? आत नवा टॉर्च आणि सेलचं पाकीट, कारण मोरणा खोऱ्यात पाऊस लागला की वीज आठवडाभर जाते. गुडघ्याला लावायचं तेल. लेकीचा शाळेतला फोटो. आणि एक पाण्याची बाटली, जी तिनं शेवटी काढून माझ्या पिशवीत घातली. कल्याणला रात्री महालक्ष्मी आली तेव्हा तिनं मला डब्यात चढवलं, स्वतः आत येऊन माझा बर्थ बघितला, खिडकीची काच चालते का ते पाहिलं आणि गाडी हलायच्या आत उतरली. "आईला सांग, मी आत असते," खिडकीतून म्हणाली. मी काहीच बोलले नाही. तिलाही ते ऐकू आलं असणार.

सोमवारी पहाटे कराडला उतरले, आंघोळ केली आणि दहाची पाटण एसटी धरली. या वेळी आईला खाली बोलावलं नाही. वडापनं वर गेले.

अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या होत्या आणि आई काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. तिनं गाठोडं सोडलं. टॉर्च लावून बघितला, भर उन्हात, हाताच्या तळव्यावर. फोटो पदरानं पुसला. मग माझ्याकडे बघितलं.

मी तिला सांगितलं, की ती आता डोंबिवलीहून सुटणारी गाडी धरते. अर्धा तास लवकर निघते. आत उभी राहते, कधी कधी बसायलाही मिळतं. बायका एकमेकींना सीट देतात.

"रोज?"

गेल्या जूनमध्ये फोनवर होतं तसंच होतं हे. होकार ओठांवर आला होता.

"रोज नाही, आई," मी म्हटलं. "बहुतेक दिवस. गाडी चुकली तर दारात असते. पण खांब असा धरते." आणि मी तिला कोपराची घडी घालून दाखवली.

आईनं माझा हात हातात घेतला आणि कोपर दाबून बघितलं, घट्ट बसलंय का ते. पुन्हा एकदा बघितलं. मग उठली, फोटो घेऊन देवळीकडे गेली आणि तो हळदी-कुंकवाच्या कोयरीला टेकवून ठेवला.

"बहुतेक दिसांचं ती बघती," ती म्हणाली. "ऱ्हायलेल्या दिसांचं मी देवाला सांगती."